तुआन-सानचं पाणी

९ ऑक्टो. २०१४, फुनाबोरी
तुआन-सानला काल दवाखान्यात नेलं. अर्धांगाचा झटका. खालच्या मजल्यावरचा माझा व्हिएतनामी दोस्त. भूकंपात जिन्यात घाबरून एकमेकांचा हात धरला, तेव्हापासूनचा. दोघांचं जपानी मोडकं, म्हणून तर जमलं. आज नदीच्या बांधावर एकटाच गेलो. अर्ध्यातूनच परतलो.

११ ऑक्टो.
भेटलो. त्याचं जपानी पार पुसलं गेलंय. एकच शब्द, 'नुअक'. त्याची मुलगी माई इथंच वाढली, बापाची भाषा जेमतेम. म्हणाली, "पाणी मागतायत, ओजिसान." मला काकाच म्हणते ती. चमच्यानं पाजते. तो तोंड फिरवतो.

१२ ऑक्टो.
तुआन-सान बांधावर बसून किती सांगायचा! त्यांच्या मुलखाचा जुना काळ, तिथली तांबडी नदी. मागं डोंगर, पुढं समुद्र, मध्ये नुसता चिखल. पूर आला की भात गेलं. बांध घालणं एकट्या गावाचं काम नव्हे. ज्याच्या हाकेला दहा गावं टोपल्या घेऊन यायची, तो सरदार. पुढं त्यांतलाच एक राजा. कोठारं त्याची, होड्या त्याच्या. वर डोंगरात मात्र ज्याचा त्याचा नाईक, राजाचा हुकूम चढणीला दमायचा.
मी म्हटलं, अरे, मी पाटकरी होतो, कालव्याची दारं माझ्या हातात. शेवटच्या गावचे लोक आमदाराच्या आधी मला रामराम घालायचे.
"मग तू राजाच की!" तेव्हापासून मी राजा-सान.

लिहिता लिहिता आत्ता आठवलं. त्यांच्यात देशालाही नुअकच म्हणतात. लढाईनंतर होडीतून पळून आल्याचं सांगताना म्हणाला होता, आमचं पाणी गेलं. मला वाटलं पिण्याचं संपलं. विचारलं, पावसाचं धरून ठेवलं नाहीत का? तेव्हा एवढा हसरा माणूस हसला नाही. म्हणाला, देश गेला, राजा-सान.

१४ ऑक्टो.
माईला सांगितलं. हातातला चमचा खाली ठेवला तिनं. "म्हणजे इतके दिवस मी चमच्यानं..." मग बापाच्या कानाशी वाकून विचारलं, कुठलं नुअक, पाणी की देश? तो म्हणाला, नुअक.
डॉक्टर म्हणतात, विमानात काहीही होऊ शकतं. इथं राहिले तर काही महिने मिळतील.
"ओजिसान, त्यांना तुम्ही ओळखता. नेऊ तिकडं, त्यांच्या देशात?"
उद्या सांगतो म्हटलं.

१५ ऑक्टो.
अभि म्हणतो, "बाबा, तुम्ही यात पडू नका. काही झालं तर तुम्हालाच बोलतील." पोराचं चूक नाही.
पण मालू. आमची ही. याच दवाखान्यात गेली, मागच्या वर्षी. शेवटी शेवटी एकच धोशा, "घरी चला हो." मी रोज समजूत घालायचो, अगं सोमवारी सोडतील, घर काय, दोन स्टेशनं तर आहेत. मग एक दिवस म्हणणंच सोडलं.
कुठलं घर, ते मी विचारलंच नाही.
अकराला माई येणार. ने म्हणालो आणि वाटेतच... नको म्हणालो तर तोही मालूसारखाच...
पोहे भिजवलेत. उपाशीच येते ती.