सुरमीचा ओढा

रायमलदादा,

तुझं पाल आज कोन्त्या गावाला हाय ते ठावं न्हाई, म्हनून हे टपालात टाकत न्हाई. आलास की वाचून दाखवीन.

काल सुरमीच्या ओढ्यावर गावाचा नैवेद्य झाला. आपन पारधी, म्हनून मी लांबच उभी. धोंडीराम पाटलाच्या नातीनं, आरोहीनं इचारलं, "सुरमी कोन?" पाटील म्हनले, "देवी असंल."

मला ऱ्हावलं न्हाई. "पाटील, सुरमी आमची पनजी. या दगडापाशी बाळंत झाली. लेकरू जिथं होईल त्या जागेला आईचं नाव, ही आमची रीत." मग आपल्या बोलीतलं तिचं गानं म्हनलं. त्यात ह्योच ओढा, ह्योच दगड, वरची जांभळ, समदं आलं.

पाटलीन केशरबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "आवं, म्हंजी तुमी जलमभर पारध्याच्या म्हातारीला नवस बोलताव की!" पाटीलबी लई हसले अन् नारळ माझ्या हातात दिला. "फोड पोरी. घरचं मानूस पुढं पायजे."

ते लेकरू म्हंजी आपला आजा, दादा. आता कुनी दरडावून इचारलं, "कुठला रं तू?" तर छाती काढून सांग, "सुरमीच्या ओढ्याचा."

खोबरं खाऊन फुगलेली तुझी बहीन,
काजल