गोधडीचं शेवटचं टोक

काळेवाडी,
जानेवारी १९७९

प्रिय कस्तुरा,

दिघीच्या माळावर थंडी अंमळ जास्तच असेल. इथे तुझा आबा गोधडीखाली नाही, गोधडीत अडकलाय. हसू नकोस.

तुझ्या आईच्या मागे तिची लुगडी पेटीत किती दिवस ठेवायची, म्हणून तुझ्या वहिनीने, शालनने, मशीनवर गोधडी शिवायला घेतली. माप मी सांगितलं आणि तिथेच चुकलो. गावाकडे आपण सगळे एका रांगेत निजायचो, तेवढी मोठी सांगून बसलो. आता या एका खोलीत ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शालन मधून कडेकडे शिवत जाते. उजवीकडची घट्ट गुंडाळी मशीनच्या हाताखालून सरकते आणि डावीकडचा सगळा भार खाटेवर, माझ्या मांडीवर. मी जरा हललो की कापड ओढलं जातं, सुई तुटते. “आबा, तुम्ही कवितेत गेलात की माझी सुई जाते,” म्हणते. खरंच आहे. मशीन चालू लागलं की शाळेत ठेक्यावर म्हटलेल्या कविता आठवतात. ती थांबली की ओळ अर्धीच राहते, आणि मी तसाच बसलेला. तंबाखूची डबी समोरच्या कोनाड्यात, नुसती दिसते. मधोमध आईचं हिरवं लुगडं आलंय. त्याचाच पदर धरून तू शाळेपर्यंत जायचीस.

आता काम शेवटच्या टोकावर थांबलंय. सुई कापडात रुतवून ठेवलीय. काढली तर थर सरकतील म्हणते. तिच्या शिलाईची गिऱ्हाइकं दारातूनच परत जातात. बाळाची झोळी बांधायला जागा नाही. तुझा भाऊ भीमराज शिफ्टवरून येतो आणि उंबऱ्यातच ताट घेऊन बसतो.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. टोक बंद करण्याआधी घरच्या लेकीने आत भाकरीचा तुकडा ठेवायचा, गोधडीचं पोट भरायचं. आणि लेक तर बाळाच्या बारशाला भरल्या पानावरून उठून गेली. “घरी बसलेल्याला पहिल्या पंगतीची काय घाई?” भीमराजने जावयाला ऐकवलेले ते शब्द माझ्याही कानातून गेले नाहीत. कंपनी बंद पडली, त्यात ज्ञानदेवरावांचा काय दोष? तेव्हापासून या घरात तुझं नाव कुणी काढत नाही.

काल मीच कंटाळून म्हणालो, शालन, तूच ठेव तुकडा आणि सोडव आपल्याला. तिने भाकरी मोडलीही. तोच उंबऱ्यातून भीमराज ओरडला, “हात लावू नको! घरात लेक हाय ना?” आज कामावर जाताना त्याने हे अंतर्देशीय माझ्या मांडीवर टाकलं. “लिहा तिला. दोघांना बोलवा. पण मी सांगितलं म्हणू नका.”

तर, तो काही म्हणालेला नाही. गुरुवारी त्याची सुट्टी असते. भाकरी इथे गरम मिळेल. तू येईपर्यंत मला काही उठता येत नाही.

मांडीवर तुझ्या आईचा भार घेऊन बसलेला,
तुझाच
आबा