मेलेल्या गड्याचे मत

मी, रमाकांत गणपत घाडी, वय वर्षे एकवीस, धंदा सध्या काही नाही, राहणार लालबाग, चाळीचा तिसरा माळा, गॅलरीतली जिन्यालगतची जागा, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. मी शुद्धीवर आहे. दारू प्यालेलो नाही, अंगात ताप नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही असे लिहिण्याची पद्धत आहे, पण ते खोटे होईल. दडपण कोपऱ्यावर उभ्या असलेल्या पोलीस गाडीचे आहे आणि या खोलीत माझ्यासमोर बसलेल्या तीन माणसांचे आहे. यातला मजकूर मात्र त्यांनी सांगितलेला नाही. पाचही कलमे माझी एकट्याची आहेत.

मृत्युपत्र आजच लिहिण्याचे कारण असे. संध्याकाळी पाच वाजता आमची पोरे मागच्या बोळातून मला हाक मारणार आणि आम्ही कर्फ्यू मोडून, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणत नाक्यापर्यंत जाणार. पहिल्या रांगेत मी आहे. या आठवड्यात गोळीबारात पहिल्या रांगेतल्यांचे काय झाले ते सगळ्या लालबागने पाहिले आहे.

कलम पहिले. घर. माझ्या नावावर घर नाही. गॅलरीत पथारी टाकण्याची जागा आहे, ती वडील गणपत घाडी यांनी परत घ्यावी. त्यांची रात्रपाळी असते आणि दिवसा खोलीत भांडी आपटत असताना ते डोक्यावर धोतर घेऊन झोपतात. जिन्यालगत वारा येतो. पोरगा कॉलेजात जातो, त्याला उजेड हवा, म्हणून त्यांनी ती मला दिली होती. कॉलेज सुटले तरी मी जागा सोडली नाही आणि त्यांनी मागितली नाही. मागायची तर माझ्याशी बोलावे लागले असते.

कलम दुसरे. कॉलेज. इंटरच्या वर्गात एक प्राध्यापक म्हणाले, मुंबई कोणा एकाची नव्हे. मी उभा राहून विचारले, "सर, तुमचं राहतं घर तरी तुमचं आहे का?" वर्ग हसला. सर म्हणाले, बाहेर जा. मी गेलो. दुसऱ्या दिवशी परत जाता आले असते, सर विसरलेही असतील. पण मी गेलो नाही. माझी छत्री तिसऱ्या बाकाखाली राहिली, ती आणायलाही गेलो नाही आणि त्या पावसाळ्यात भिजलो. छत्री ज्याला मिळाली असेल त्याची.

कलम तिसरे. खेळाचे सामान. गुडघ्याच्या पट्ट्या आमच्या हुतूतू मंडळाला द्याव्या, पण संघातल्या शिवाला देऊ नयेत. त्याने भावाच्या लग्नासाठी माझा पांढरा शर्ट नेला तो अजून त्याच्याच अंगावर फिरतो. शर्ट राहू द्या त्याला. कोणी चांगला दिसतो म्हणाले, तर तो रमाकांतचा आहे असे सांगावे.

कलम चौथे. माझ्या ट्रंकेत तळाशी, कागदात गुंडाळलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या आहेत. माहीमच्या उरुसात घेतल्या. माप अंदाजाने घेतले आहे. त्या एका व्यक्तीस द्याव्या. व्यक्तीचे नाव लिहीत नाही. तिला माहीत आहे.

कलम पाचवे. माझे मत. माझ्याजवळ खरी इस्टेट म्हणावी अशी हीच. आमच्या हुतूतू मंडळाच्या या खोलीत एक लाकडी बोर्ड आहे. मैदान सोडलेल्या थोर खेळाडूंची नावे त्यावर रंगवतात. बोर्डाला सात ओळी, सहा भरल्या, सातवी उरली. दुसरा बोर्ड लावायला भिंत नाही, कारण एका भिंतीला मारुती आहे, एकीला खिडकी, एकीला दार. सातव्या ओळीसाठी दोन नावे आहेत: राजाराम परब आणि कुशाबा कांबळे. कमिटीची चार मते दोन-दोन पडली. पाचवे माझे. आज सकाळी दोघांनाही समक्ष ऐकून घ्यायला बोलावले, अध्यक्ष अप्पा आले, मी आलो, आणि बाहेर कर्फ्यू पुकारला. तेव्हापासून बोर्ड, दोन्ही उमेदवार, अप्पा आणि मी या एका खोलीत अडकलो आहोत, आणि माझे मत अजून माझ्याच घशात आहे. तरी मी लिहून ठेवतो की, माझे मत या कागदाच्या शेवटी लिहीन, परंतु ते माझ्या मृत्यूनंतरच मोजावे.

एवढे लिहून मी कागद दुमडला आणि साक्षीदार म्हणून सह्या मागितल्या. पुढे जे झाले तेही इथेच लिहितो, कारण दुसरा कागद नाही, आणि खाडाखोड का झाली हे नंतर कोणाला कळणार नाही.

अप्पा म्हणाले, "वाच."

मी म्हणालो, "साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, अप्पा. फक्त मी सही करताना बघायचं."

"मी तीस वर्षं पंच होतो. न बघता शिट्टी वाजवली नाही. वाच."

मी वाचले. शर्टापाशी कुशाबा हसले. चौथ्या कलमाला मी भरभर पुढे जाऊ लागलो, तर राजारामांनी हात वर केला. हे राजाराम परब म्हणजे मालवणकडचे, अंगाने अजूनही दारासारखे रुंद. घोट्याची पकड अख्ख्या परळ-लालबागेत त्यांच्यासारखी कोणाची नव्हती.

"माप अंदाजान घेतलंस?" ते म्हणाले. "कसल्या अंदाजान?"

मी पुढचे कलम वाचायला लागलो.

"आमच्या अंबिकेचो हात किती मोठो, ता तुका काय ठाऊक?"

म्हणजे त्यांना सगळे आधीच ठाऊक होते. अंबिका ही त्यांची मुलगी. खिडकीबाहेर पोलीस नसते, तर मी खिडकीतून उडी टाकली असती. त्या खोलीत जायला जागा नव्हती आणि बघायला बोर्डाखेरीज काही नव्हते, म्हणून बोर्डाकडे बघत मी बोलून टाकले की व्यक्ती तीच. आणि हेही बोललो की मागच्या महिन्यात जिन्यावर तिने मला सांगितले आहे, "बाबांचं नाव एकदा बोर्डावर लागू दे. ते रोज त्या सातव्या ओळीकडे बघून येतात. ती भरली की मी काही मागितलं तर नाही म्हणणार नाहीत." मी तिला शब्द दिला होता.

कुशाबा म्हणाले, "मग राजारामला देऊन टाक की रं मत. पोरगी गुणाची हाय."

हे त्यांनी मनापासून म्हटले, आणि तेच मला जड गेले. कारण मत कुशाबांना द्यायचे की नाही यावर मी महिनाभर झोपलो नव्हतो. कुशाबा कांबळे चढाईला गेले की दम कधी तुटला नाही आणि ते कधी पकडले गेले नाहीत, असे जुने लोक सांगतात. पण मागच्या सभेत कमिटीतले रामदास म्हणाले, "त्यांना पकडलं नाही, कारण समोरच्यांना त्यांच्या अंगाला हात लावायचा नव्हता. विटाळ होईल म्हणून सगळे लांब सरायचे. अशाने मिळवलेले गुण कसले धरता?" आणि अडतीस साली ठाकूरद्वारच्या एका वाडीत अंतिम सामन्याला समोरचा संघ म्हणाला, हा उभा राहिला तर आम्ही खेळत नाही. मंडळाने कुशाबांना आजच्यापुरते बस म्हणून बसवले. पुन्हा कधी उठवले नाही.

आज सकाळी रामदासांचे म्हणणे त्यांना सांगितले तेव्हा कुशाबा म्हणाले, "खरं हाय. हात लावत नव्हती माणसं. मैदानात तेवढाच फायदा. मैदानाच्या बाहेर काय झालं ते रामदासला विचारायचं सुचलं न्हाई."

मी पाचवे कलम वाचले. माझे मत माझ्या मृत्यूनंतर मोजावे.

अप्पांनी चष्मा काढला. "रमाकांत, मैदानात मेलेल्या गड्याचा हात लागला तर समोरचा बाद होतो काय रे?"

"नाही."

"त्याने आरडाओरडा केला, रेषेत पाय घातला, काही केलं तर?"

"धरत नाहीत."

"मग मेलेल्याचं मत मी कसं मोजू?" ते म्हणाले. "पाच वाजता तुला महाराष्ट्रासाठी मरायचंय, की मत द्यायला नको म्हणून? हुतात्मा व्हायचंय की जावई, ते एकदा ठरव. दोन्हीच्या मधल्या रेषेवर उभं राहता येत नाही."

मला राग आला. मी म्हणालो, तुम्ही म्हाताऱ्यांनी वीस वर्षे ठरवले नाही ते माझ्या गळ्यात टाकलेत. अप्पा म्हणाले, "हो, टाकलं." त्यावर भांडता येईना.

मग मी विचारले, "अप्पा, आपल्याकडून समोरचा एक गडी बाद झाला आणि आपला एक उठवायचा आहे. खाली दोघं बसलेत. कोणाला उठवायचं?"

"आधी बसला त्याला," अप्पा म्हणाले. हे ते सवयीने म्हणाले, आणि मग त्यांचे त्यांनाच ऐकू आले.

म्हणून पाचव्या कलमातला मृत्यूनंतरचा मजकूर मी खोडला आहे. खाडाखोडीवर सही आहे. जिवंतपणी आणि सर्वांसमक्ष मी माझे मत कुशाबा यांना दिले. कारण लिहिले: जो आधी बसला तो आधी उठतो, आणि कुशाबा अडतीस सालापासून बसलेले आहेत. हे लिहिताना मी राजारामांकडे पाहिले नाही. अंबिकेला दिलेला शब्द मी मोडला. तिला कोणी सांगायचे झाले तर विसरलो असे सांगू नये. आठवत असताना मोडला.

मग राजाराम उठले, माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी वाचले, आणि त्या ओळीवर बोट ठेवले.

"थांब. कारण चुकीचा लिवलंस."

मी म्हणालो, "नियमच तसा आहे."

"आधी बसलो म्हणान उठयलंस, ही मेहेरबानी झाली. मेहेरबानीन बोर्डार नाव नको. माझा नाव पाडतलंस तर खऱ्या कारणान पाड." ते कुशाबांकडे न बघता बोलत होते. "ह्याका हात लावणारो मी होतंय. सामन्यात नाय, सरावात. रोज संध्याकाळी घोटो धरी. माझ्या हातातलो घोटो कोणाचो सुटलो नाय. ह्याचोव सुटलो नाय. घोटो हातातच आणि हो माका मातीतून फरफटत मधल्या रेषेर न्यायचो. एकदाव थांबवूक गावलो नाय. ता लिव. रामदासाक सांग, राजाराम परबान सांगितल्यान."

"इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" मी विचारले.

"कोणी इचारल्यान नाय. आणि सातवी ओळ एकच होती."

कुशाबा धोतराचा सोगा हातात घेऊन बसले होते. शेवटी म्हणाले, "गुडघं फुटायचं की रं तुझं."

"फुटायचे."

तेव्हा पाचवे कलम आता असे वाचावे: माझे मत कुशाबा यांना, कारण त्यांना धरणाऱ्या सर्वांत बळकट माणसाला त्यांना थांबवता आले नाही, आणि हे त्या माणसाने स्वतः सांगितले आहे.

मी कागद कुशाबांपुढे सहीला धरला. पेंटरने अंदाज यावा म्हणून सातव्या ओळीवर दोन्ही नावे खडूने लिहून ठेवली आहेत, वर राजाराम परब आणि खाली कुशाबा. तिकडे बोट दाखवून ते म्हणाले, "नुसतं कुशाबा नको. सामन्याच्या हँडबिलावर समद्यांची आडनावं असायची, माझं नुसतं कुशा छापायचे. पुरं लिहा. बापाचं धरून."

अप्पा म्हणाले, "ओळीत मावणार नाही."

"मग अक्षर बारीक काढा."

कलम सहावे. म्हणून पेंटरला सांगावे की सातवी ओळ बारीक अक्षरात, परंतु पुरी लिहावी. वरच्या सहा ओळींशी जुळली नाही तरी चालेल.

कलम सातवे. बांगड्यांचे काय करायचे ते मी राजारामांना विचारले. त्या अंबिकेपर्यंत तुम्ही पोचवाल का, असे विचारले. ते म्हणाले, "मी काय पोस्टमन नाय. माप बरोबर घेवन ये आणि तूच विचार." मी म्हणालो, पाच वाजता मी जाणार आहे. ते म्हणाले, "आधी जिवंत रव. मगे बघू." यात त्यांनी हो म्हटले असे मी लिहीत नाही, कारण त्यांनी म्हटलेले नाही. चौथे कलम तूर्त रद्द.

आता पाच वाजून गेले आहेत. मागच्या बोळात पोरांनी दोनदा हाक मारली. अप्पा दाराला पाठ लावून बसले आहेत. मी सरका म्हणालो, तर म्हणाले, पंचाने शिट्टी वाजवल्याशिवाय मैदान सोडता येत नाही. शिट्टी त्यांच्या खिशात आहे. राजाराम माझ्या डाव्या बाजूला येऊन बसले आहेत, आणि बोलता बोलता त्यांचा पंजा माझ्या घोट्यावर आला आहे. मी पाय ओढून पाहिला. हलत नाही. नाक्याकडून घोषणा ऐकू येतात. पहिल्या रांगेतला आवाज शिवाचा वाटतो, म्हणजे माझा शर्ट पुढे आहे. तो सुखरूप परत यावा. गुडघ्याच्या पट्ट्या त्याला द्यायला हरकत नाही, तिसरे कलम तेवढे बदलले.

हे मृत्युपत्र आज अमलात येईल अशी लक्षणे दिसत नाहीत. तरी लिहिले ते खरे आहे आणि मत मोजले गेले आहे.

ठिकाण: मंडळाची खोली, लालबाग, मुंबई. दाराला आतून कडी.
तारीख: वीस जानेवारी एकोणीसशे छप्पन.

लिहून देणार: रमाकांत गणपत घाडी

साक्षीदार:
१. अप्पा, अध्यक्ष व पंच. खाडाखोड माझ्यासमोर झाली.
२. राजाराम सखाराम परब. पाचवे कलम मान्य. सातव्याबद्दल काही बोललो नाही.
३. कुशाबा बाळू कांबळे.