संस्कृतीच्या चाचणीची तयारी

२३ जून, सोमवार
शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच वर्गशिक्षिकेचं बोलावणं. संस्कृती दुसरीत. तोंडी सगळं येतं, लिहून होत नाही. पेन्सिल मुठीत धरते, कात्री चालत नाही, डबा उघडायला मैत्रीण लागते. ऑक्युपेशनल थेरपी सुरू करा म्हणाल्या. घरी येऊन वाचलं. हातांची बारीक कामं खेळातून शिकवतात. घाबरण्यासारखं काही नाही. माझ्या कॉलेजची ग्रुप मेडिक्लेम पॉलिसी आहे. पंधरा दिवसांत काम होईल.

२८ जून, शनिवार
विम्याचं काम बघणारे अप्पाराव भेटले. थेरपी ओपीडीत मोडते, पेशंट ॲडमिट असेल तरच क्लेम बसतो म्हणे. मग खुर्ची जवळ ओढून सुचवलं, ओळखीचा दवाखाना आहे, पोरीला एक रात्र तापात ॲडमिट दाखवू. मी उठलोच. बारावीच्या परीक्षेला मी भरारी पथकात असतो. माझं नाव ऐकून पोरं चिठ्ठ्या गिळतात. मी खोटा ताप दाखवू?
मोनिकाचं म्हणणं, खाजगीत लगेच सुरू करू. मी म्हणालो, आधी हक्क. बायकोचं माहेर फुलंब्रीचं, बोलायला आवरत नाही. "तुमचा हक्क येईस्तोवर पोरगी सासरी जाईल."
दुर्लक्ष केलं.

४ जुलै, शुक्रवार
विमा कंपनीला सविस्तर मेल. नऊ मुद्दे. मोनिकाच्या मते एकच मुद्दा नऊ वेळा. तिला ड्राफ्टिंगची सवय नाही.

१४ जुलै, सोमवार
कंपनीचं उत्तर. एक ओळ. क्लेम बसत नाही.
नऊ मुद्द्यांना एक ओळ! सोडणार नाही.
दरम्यान शोध लागला की शाळेतच दर बुधवारी यास्मिन मॅडम म्हणून थेरपिस्ट येतात. शाळेच्या मुलांना मोफत. जागा थोड्या, आधी चाचणी. हे आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही? मोनिका म्हणते वर्गशिक्षिकेनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा मी त्यांना पॉलिसी समजावत होतो. मला आठवत नाही.

२२ जुलै, मंगळवार
उद्या चाचणी. स्टाफरूममध्ये मोईनसर म्हणाले, त्यांच्या भाचीचीही झाली होती. मणी ओवायला लावतात, बटणं लावायला, गोल कापायला. रविवारपासून हेच घेतोय. मण्यांना रडली. मग आलं. गोल मी हात धरून कापून घेतला, मग धरावाही लागला नाही.
ही कॉपी नव्हे का? प्रामाणिकपणे विचार केला. कॉपी म्हणजे उत्तर खिशात नेणं. ही तयारी. लेकीला परीक्षेला तशीच कोरी पाठवणं कुठल्याही बापाला जमणार नाही.

२३ जुलै, बुधवार
सगळं आलं! मणी, बटणं, गोल. यास्मिन मॅडम म्हणाल्या, छान. येताना पेढे घेतले. मोईनसरांना दिले. तेही म्हणाले, छान.

२५ जुलै, शुक्रवार
रिपोर्ट आला. हातांची कामं वयाप्रमाणे योग्य, थेरपीची गरज नाही. दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदानं.
जागा दुसऱ्या मुलाला गेली.
मोनिकानं संध्याकाळी रिपोर्ट वाचला. मग म्हणाली, "तिला नापास व्हायला पाठवलं होतं. तुम्ही पास करून आणलं."
संस्कृतीचा डबा आज भरलेलाच परत आला. मैत्रीण गैरहजर होती.

३० जुलै, बुधवार
यास्मिन मॅडमना भेटलो. पुन्हा चाचणीची मागणी केली, ठामपणे. तयारीचा भाग सांगावाच लागला. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच विचारलं, "सर, भरारी पथकात तुम्हीच असता ना?" हे त्यांना कुणी सांगितलं? मोईनसरांवर संशय.
पुढच्या बुधवारी या म्हणाल्या. संघर्षाचा विजय.

५ ऑगस्ट, मंगळवार
निश्चय: काहीही शिकवायचं नाही. मण्यांचा डबा कपाटावर ठेवला. संस्कृतीला सांगितलं, जसं येतं तसं कर. तिनं विचारलं, किती मार्क आणू? म्हणालो, मार्क नसतात. मग कशाला जायचं, म्हणाली. ही मुलगी माझ्यावर गेली आहे.

६ ऑगस्ट, बुधवार
या वेळी वेगळं होतं. चौकोन कापायचा. मी कोपऱ्यात खुर्चीवर, हात मांडीखाली. संस्कृतीची जीभ बाहेर. कात्री कागदात अडकली. एकदा माझ्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे. मी काही ठरवलं नव्हतं. माझा हात तिथं होता आणि कागद फिरवून झाला होता.
"सर, करने दो ना उसको," यास्मिन मॅडम म्हणाल्या.
हात मागे घेतला. पुढच्या कोपऱ्याला पुन्हा तेच. मग मला बाहेर थांबायला सांगितलं.
परीक्षेत अशांना मीच वर्गाबाहेर काढतो. कारवाई नियमाला धरून होती, एवढं मान्य करावं लागेल.

८ ऑगस्ट, शुक्रवार
एक जागा रिकामी झाली, ती मिळाली! येत्या बुधवारपासून. अप्पारावांना मुद्दाम फोन करून कळवलं, एकाही खोट्या तापाशिवाय. ते म्हणाले, बरं झालं सर, आणि पॉलिसीच्या रिन्यूअलची आठवण करून दिली.
एक अट घातली आहे. वडिलांनी खोलीत थांबायचं नाही. ही अट मला मान्य नाही. आईला बंदी नाही, बापालाच का? शाळेला लेखी विचारणार. मसुदा सुरू.

१३ ऑगस्ट, बुधवार
पहिला दिवस. मसुदा खिशात. खोलीबाहेर दाराला लागून बाक आहे, तिथं बसलो. बाहेर बसण्याला अटीत बंदी नाही. दार थोडं उघडं होतं. आत काय चुकतंय ते लक्षात ठेवून घरी करून घेऊ, असं ठरवलं होतं.
बराच वेळ आवाज नाही. मग कात्रीचा, एकदाच. मग संस्कृतीनं विचारलं, "बाबा बाहेरच आहेत ना?"
"हां बेटा, बाहेर."
"मग मी सावकाश करते."
व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ, अजून एक बाक आहे. तिथं जाऊन बसलो. तिथून काही ऐकू येत नाही.