घोडी बचाव समितीतले फितूर

२४ नोव्हेंबर
अश्व संरक्षण कृती समिती स्थापन. अध्यक्ष मी. सचिव मेघा, शेजारच्या फ्लॅटमधली वकील. खजिनदार माझी बायको शोभा. वरातीतल्या घोड्यांसाठी राज्याचा कायदा याच हिवाळी अधिवेशनात करून घ्यायचा. मसुदा मी लिहिणार, कोणाला दाखवणार नाही. घोडीवाल्यांची लॉबी मोठी आहे.

२७ नोव्हेंबर
व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला: मसुद्याला पाठिंबा द्या. ग्रुपमधला जितेंद्र विचारतो, मसुदा आहे कुठे? ही चौकशी कशासाठी? त्याला काढून टाकलं.

३० नोव्हेंबर
सक्करदऱ्याचा शालिकराम घरी आला. वरातीला घोडी देतो, म्हणजे शत्रूच. म्हणे, "साहेब, मले बी कायदा पाहिजे. फटाका लागून माह्या बिजलीचा एक डोळा गेला. डीजे वाजला का थरथर कापते. मी नाही म्हटलं तं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. कायदा असन तं साऱ्याइलेच नाही म्हणता येईन." डोळे पुसले. अभिनय चांगला. शोभाने चहा दिला, वर पोहे. जाताना त्याने माझ्या फाइलकडे पाहिलं. फाइल गादीखाली हलवली.

३ डिसेंबर
पाळत. हेल्मेट न काढता शालिकरामच्या मागे इतवारीच्या बाजारात. त्याने चण्याचं पोतं घेतलं. तेवढ्यात मेघा आली! तो बोलत होता, ती लिहून घेत होती. एक हातगाडीवाला मला म्हणाला, काहून उभे आहा भाऊ, बाजूले सरका. तोही सामील असावा.

४ डिसेंबर
मेघाला निलंबित केलं. म्हणाली, "काका, आमदारांना घोडीवाल्यांचे अनुभव हवेत, तेच घेत होते." आमदार! म्हणजे मला वगळून, परस्पर.

८ डिसेंबर
समितीची बैठक. उपस्थित: मी. शोभा स्वयंपाकघरात होती, तिला धरून गणपूर्ती झाली. मसुदा एकमताने मंजूर. लेटरहेड आणि अध्यक्षांचं मनोगत तयार आहे, फक्त कलमं राहिलीत. उद्यापासून रोज दोन.

११ डिसेंबर
कलमं झाली नाहीत. घरात लक्ष ठेवावं लागतं. शोभा फोनवर हळू बोलून राहिली. विचारलं तर म्हणाली, काही नाही.

१२ डिसेंबर
शोभा सकाळीच बाहेर पडली. मैत्रिणीकडे म्हणे. मी एकटाच विधान भवनावर. पोलिसाने पास मागितला. मी अध्यक्ष आहे म्हणालो. तो म्हणाला, कशाचे?
तेवढ्यात आतून मेघा, शालिकराम आणि शोभा बाहेर आले. आमदार अशासकीय विधेयक मांडणार आहेत म्हणे. वरातीत घोडीजवळ फटाके नाहीत, डीजे नाही, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला सक्तीचा. सगळं मेघाने लिहिलेलं.
शोभाला विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, "सांगितलं असतं तं तुम्ही मलेही काढलं असतं."
असं ती मला कधी बोलली नव्हती. रिक्षात मी पुढे बसलो.

१५ डिसेंबर
सक्करदऱ्याला घोड्यांची तपासणी. समितीच्या वतीने देखरेखीसाठी गेलो, सोबत शोभा. बिजली पांढरी आहे, आणि वाटली त्यापेक्षा बरीच उंच. आजवर घोडीला हात लावला नव्हता. लावायला गेलो तर मागे सरकली. शालिकराम म्हणाला, "नवा माणूस हाय, साहेब. भेते बिजली."
शोभाने पाण्याची बादली माझ्या हातात दिली. मी बराच वेळ धरून उभा होतो. बिजली एका डोळ्याने माझ्याकडे पाहत राहिली.
शेवटी बादली खाली ठेवून लांब जाऊन उभा राहिलो. मग प्यायली.