काचेवरचे दोन ठिपके

ती. मामांना,

भाच्याचा दहाही बोटांनी नमस्कार. तुमचा खोकला कसा आहे? मामींचा खांदा? इकडे सगळे खुशाल आहेत (मी सोडून).

तुमच्या शब्दावर दातांच्या डॉक्टरांकडे टायपिस्ट म्हणून लागलो, त्याला अडीच महिने झाले. तिसरा संपला की कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरणार. डॉक्टर पेशंटच्या तोंडात बघत बोलतात, मी टाइप करतो. दहावीत शाळा सुटली, पण माझ्या ऱ्हस्व-दीर्घात अजून कुणी चूक काढलेली नाही. अशात डॉक्टरांनी जुना कीबोर्ड माळ्यावर टाकला (“पेशंट आधीच घाबरलेला असतो रे, त्यात तुझी खडखड!”) आणि टॅब्लेट आणला.

मामा, जुन्या कीबोर्डवर बोट ठेवणं वेगळं आणि दाबणं वेगळं. क्लासच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे मी आठ बोटं मधल्या ओळीवर टेकवून बसायचो. तिथल्या दोन बटणांवर बारीक उंचवटे असतात, त्यावरून बोटांना न बघता घर सापडतं. काचेवर घर नाही की ओसरी नाही. टेकलं की उमटलं! पहिल्याच दिवशी मी नुसता बसलेलो असताना एका आजोबांच्या नावापुढे तीन पानं अक्षरं साचली. मग हात हवेत धरले, तर पेशंट विचारायला लागले, हा मंत्र टाकतोय का?

शेवटी ताईचं काळं नेलपॉलिश आणलं आणि काचेवर त्या दोन अक्षरांच्या जागी एकेक ठिपका दिला (पट्टीने मोजून). बोटं पुन्हा सुसाट! पण टाइप करून झालं की काचेवरचा कीबोर्ड जातो आणि त्याच जागी दातांचा एक्स-रे येतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ठिपके काही जात नाहीत. दोन दिवसांत चार जणांच्या खालच्या दोन-दोन दाढा किडलेल्या निघाल्या. “वरून दिसणार नाही, आतून पोखरलंय,” असं म्हणून डॉक्टरांनी दाढा काढायच्या तारखा दिल्या. मी सगळं शुद्ध लिहिलं.

पाचव्या आल्या शिवणकामवाल्या बाई. ठिपके दिसताच डॉक्टरांनी तेच वाक्य म्हटलं. बाई म्हणाल्या, “अहो, ही दाढ गेल्या वर्षी तुम्हीच काढलीत. नसलेली किडली कशी?” डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि फोन करून मशीनवाल्याला झापलं. तेवढ्यात मी नखाने ठिपके खरवडले.

सांगावं तर नोकरी जाते, न सांगावं तर आठ चांगल्या दाढा जातात. उद्या दवाखाना उघडताच सांगणार आहे. काय बोलायचं ते लिहून पाठ केलंय (दोनदा तपासून).

तुमचा,
भाचा

ता. क. तिघांच्या घरी जाऊन ‘तारीख पुढे गेली’ असं सांगून आलो. चौथ्यांसमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही, म्हणून हे पत्र ताईच्या हाती पाठवतोय. मामा, बुधवारी येऊ नका. तुमच्या दाढा ठणठणीत आहेत.

ता. क. २. खरंच दुखत असेल तर मात्र या. पण खुर्चीत बसल्याबरोबर आधी मला कामावर ठेवायला सांगा आणि मगच तोंड उघडा. एकदा ‘आ’ केलंत की तुम्हाला काही बोलता येणार नाही.