दुसरा घोट

वुडलँड्स, सिंगापूर
१४ एप्रिल २०२५

ती. मीराआत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

फोनवर तू जेवलीस का विचारतेस, मी हो म्हणते आणि दोघी ठेवून देतो. हे बोलणं तसं उरकण्यातलं नाही, म्हणून कागद घेतला. आधी खुर्चीत बस, मग वाच.

आमची कंपनी विलायती खाद्यपदार्थ मागवते, हे तुला ठाऊक आहे. आतापर्यंत माझ्याकडे सॉस आणि मुरंबे होते. फेब्रुवारीपासून बाटलीतली ब्रिटिश एल दिलीय. एल म्हणजे बिअरच गं, जुन्या पद्धतीची. उन्हाळ्यात प्यायला बऱ्या अशा सहा निवडायच्या. इथे बारा महिने घाम, पण इंग्लंडचा उन्हाळा जूनमध्ये म्हणून दुकानांची उन्हाळी यादीही जूनमध्ये. मी काय केलं, प्रत्येकीचा वास घेतला, तोंडात घोळवली आणि थुंकली. वाइन चाखणारे थुंकतातच, म्हटलं आपलं न पिण्याचं पाचवं शीलही राहील आणि कामही होईल. सहा नावं दिली.

यादी परत आली. त्यातल्या दोन गिळल्यावर घशात कडू राहतात, उन्हात कोणी दुसरा ग्लास मागणार नाही म्हणे. आमच्या साहेब मिस लिम मला म्हणाल्या की एलचा कडूपणा घशाशी कळतो, घोट घ्यायचा, थुंकून काय कळणार. घोट घेणार नसेन तर हे काम दुसऱ्याला देतील. माझा इथे काम करायचा पास जूनमध्ये संपतो आणि त्याची शिफारस त्याच करणार आहेत.

कशात लक्ष नाही. परवा मेट्रोतून आधीच्याच यिशुन स्टेशनला उतरले, मग घर पुढे आहे हे आठवलं. आत्या, शील मोडेल ही भीती आहेच, पण खरी भीती वेगळी आहे. मला ती आवडली तर? बाबांचीच मुलगी आहे मी. सांग काय करू.

तुझी माया आहेच, ती हे वाचूनही राहू दे.
तुझी,
हर्षा

इंदोरा, नागपूर
२ मे २०२५

चि. हर्षास,
मंगल हो.

पत्र वाचलं आणि उठून घरभर फिरले. कूलर समोर असून अंगाची लाही. अगं माय, आम्ही बायकांनी लाटणी घेऊन नाक्यावरची दारूची भट्टी बंद पाडली आणि माझी भाची सातासमुद्रापार बाटल्या निवडते! बायांना कळलं तर मला विहारात सतरंजीवर जागा देणार नाहीत. तू थुंकतेस हे वाचून मात्र हसू आलं. अशी युक्ती तुलाच सुचायची. लहानपणी औषध गालात धरून कुंडीत टाकायचीस तीच तू.

सोडून ये असं लिहिलं होतं, ते खोडलं. तू बत्तीस वर्षांची आहेस, तुझ्या पोटापाण्याचं मी इथून कसं ठरवू? पण तुझ्या बापाचं, जगदीशच्या पिण्याचं सांगते. बहीण होते मी त्याची, सुरुवात डोळ्यांनी पाहिली. पहिल्यांदा दाढ दुखत होती म्हणून. मग रात्रपाळीचा थकवा म्हणून. मग साळा आला म्हणून, साळा गेला म्हणून. जाईपर्यंत त्या माणसाकडे कारण तयार होतं आणि मी वेडी प्रत्येक कारणावर विश्वास ठेवला. तुझी आई तर दाढेला लवंग कुटून द्यायची.

म्हणून तुला एवढंच. जे करायचं ते कर, पण मला कारणं लिहू नकोस. जे झालं ते लिही. तोवर मला झोप नाही, हे ध्यानात ठेव पोट्टे.

जेवत जा वेळेवर.
तुझी आत्या,
मीराबाई

वुडलँड्स, सिंगापूर
२० मे २०२५

ती. मीराआत्यास,
सविनय जयभीम, वि. वि.

जे झालं ते लिहिते.

गेल्या मंगळवारी ऑफिसच्या चाखायच्या खोलीत बसले. मिस लिम समोर. एकेक लहान घोट घेतला आणि गिळला. त्यांचं खरं होतं. ज्या दोन मला वासाला छान वाटल्या होत्या, त्या घशात कारल्याच्या पाण्यासारख्या उतरल्या. एक काळी होती, जळक्या पावाच्या चवीची, ती थंडीत ठीक, इथल्या उन्हात कोण पिणार. यादी बदलली. मिस लिम खूश झाल्या, पासची शिफारस करते म्हणाल्या.

शेवटची सोनेरी होती. संत्रं सोलताना साल दाबली की डोळ्यात फवारा उडतो ना, तसा वास. मला एकदम आपलं अंगण आठवलं. घोट घेतला. नोंद केली. काम संपलं होतं. मिस लिम फोनवर बोलत होत्या आणि मी आणखी एक घोट घेतला.

तो दुसरा घोट कामाचा नव्हता, आत्या. मला ती आवडली. खूप आवडली. आणि बाटलीत किती उरलीय तेही मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी मिस लिमना सांगितलं की एलचं काम मला नको, मुरंबे परत द्या, नाहीतर मी जाते. त्या चकित झाल्या. एवढं चांगलं जमतंय आणि नको का, विचारत होत्या. आवडतं म्हणूनच नको, असं म्हटलं. पास कामाला बांधलेला असतो, वर विचारावं लागेल म्हणाल्या. अजून उत्तर नाही. सुपरमार्केटमध्ये बाटल्यांची रांग टाळून मी तांदळाकडून फिरून जाते आणि घरी येऊन रडते. तुला तोंड कसं दाखवू?

रागावलीस तरी पत्र लिही.
तुझीच,
हर्षा

इंदोरा, नागपूर
६ जून २०२५

चि. हर्षास,
मंगल हो, मंगल हो.

पत्र मिळालं. वाईट वाटलं, ते लपवत नाही. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक लक्षात आलं आणि मग मीच रडले.

जगदीश इतकी वर्षं प्याला, पण मला आवडते असं तो एकदाही म्हणाला नाही. दाढ म्हणाला, थकवा म्हणाला, साळा म्हणाला. हे दोन शब्द त्याने एकदा उच्चारले असते तर मी त्याचा हात धरला असता. तू दुसऱ्याच घोटाला बोललीस, आणि तेही मला. पोरी, पाचवं शील मोडलंस, पण चौथं राखलंस. खोटं बोलली नाहीस. तुझ्या बापाचं आधी चौथं मोडलं होतं, ते मला आज कळलं.

पास मिळाला तर राहा, नाही मिळाला तर ये. वरची खोली झाडून ठेवली आहे. आणि तोंड कसं दाखवू काय विचारतेस? शील मोडतं म्हणूनच तर आपण दर रविवारी विहारात पाचही पुन्हा घेतो. या रविवारी सकाळी फोन कर. मी इथून पंचशील म्हणेन, तू तिथून म्हण. पाचव्याला मी थांबेन, तू आधी म्हण.

आज मला झोप लागेल.
तुझी आत्या,
मीराबाई